संजीवन सभा ठेवायच्या का? मंडप सांगायच्या आधी एवढं वाचा

सलाम भाऊ. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की नगर जिल्ह्यातली मिशनच्या काळातली जुनी मंडळी (म्हणजे चर्चची सभासद माणसं), दगडी चर्च, रविवारी भक्तीला कसेबसे तीस-पस्तीस लोक आणि त्यातले निम्मे साठीच्या पुढचे, तरुण पोरं शहरातल्या फेलोशिपला, म्हणजे नव्या स्वतंत्र प्रार्थना मंडळांना, जातात नाहीतर कुठंच जात नाहीत. आणि आता पंच कमिटी म्हणतेय की तीन दिवसांच्या संजीवन सभा, म्हणजे थंड पडलेल्या मंडळीचा विश्वास परत जागा करायच्या सभा, ठेवू, मोठा वक्ता आणू, मंडप, साऊंड, जेवणं धरून दोन-अडीच लाख. तुम्ही सेक्रेटरी, तुम्हाला ते पटत नाहीये, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये. मी पाळकीणबाई, उभं आयुष्य असल्याच मंडळ्यांमध्ये गेलं, मालकांची बदली होईल तिथं बिऱ्हाड, आणि माझं स्वतःचं काम म्हणजे बायकांचे प्रार्थना गट. तेव्हा त्या अनुभवावरून सांगते.

सभांना माझा विरोध नाही हं, आधीच सांगते, नाहीतर कमिटीतले लोक म्हणतील बाई सभांच्याच विरोधात. सभा शेवटी येतात, सुरुवातीला नाही, एवढंच माझं म्हणणं. सभांनी सुरुवात केली की काय होतं ते तुम्हीपण बघितलं असेल. पहिल्या रात्री गर्दी कमी, दुसऱ्या रात्री आजूबाजूच्या चार मंडळ्यांची माणसं टेम्पो भरून येतात, तिसऱ्या रात्री वक्ता हात वर करायला सांगतो, रडारड होते, कार्डं भरून घेतात, फोटो निघतात. आणि पुढच्या रविवारी परत तेच पस्तीस. कार्डांचा गठ्ठा व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चमागच्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात. कारण रडलेल्या माणसाला सोमवारी कुणी विचारायला गेलं नाही, आणि ज्याच्याशी त्याचं भांडण होतं तो तर सभेलाच आला नव्हता.

आपल्या मराठी लोकांना संजीवन कसं येतं हे शिकायला कोरिया-अमेरिकेचे व्हिडिओ बघायची गरज नाही खरंतर. केडगाव आहे. आपलं नगरजवळचं नाही, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचं. तिथं १९०५ साली जे संजीवन झालं त्याच्याबद्दल आपल्याकडे वर्षातनं एकदा तरी उपदेश होतो, पण उपदेशात फक्त जूनअखेरची ती रात्र सांगतात, की एका मुलीला मध्यरात्रीनंतर असं काही झालं की दुसरीला तिच्यावर जाळ दिसला आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. गोष्ट म्हणून भारीच आहे. पण त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही.

आधीचं असं. रमाबाई १८९८ मध्येच इंग्लंडात केसविकच्या अधिवेशनात गेल्या होत्या तेव्हा त्यांनी तिथल्या लोकांना हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं होतं. म्हणजे सात वर्षं आधी. मग मधे १९०० चा दुष्काळ, गुजरातेतनं आणलेल्या मुली, शेकड्यांनी पोरी, त्यांचं खाणंपिणं, आजारपण, विणकाम, छापखाना, शेती, हे सगळं चालूच. १९०४ च्या शेवटी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये संजीवन सुरू झालं, त्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तरेक जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातनं दोनदा जमायच्या. सहा महिने काहीच झालं नाही असं नाही म्हणणार मी, पण मंडप नव्हता, वक्ता नव्हता, जाहिरात तर नव्हतीच. आणि जूनच्या अखेरीस संध्याकाळी जेव्हा सगळ्या सभेवर आत्मा उतरला तेव्हा रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीनं बायबलमधल्या योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. आरडाओरडा करून काही पेटवायला बघत नव्हत्या.

आणि नंतरचं? मुलींच्या टोळ्या आजूबाजूच्या गावांत सुवार्ता सांगायला जायला लागल्या. मिनी अब्राम्स म्हणून तिथल्या अमेरिकन मिशनरी बाईंनी या सगळ्यावर छोटं पुस्तक लिहिलं, ते त्यांनी चिलीतल्या आपल्या मैत्रिणीला पाठवलं, आणि १९०९ साली चिलीत जी चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ते पुस्तकही आहे. दुष्काळातनं वाचून दौंड तालुक्यात आलेल्या पोरींची गोष्ट दक्षिण अमेरिकेत जाऊन पोचली, आणि आपण मात्र वक्ता कुठनं आणायचा यावर मीटिंगा घेतोय. असो.

तर पहिलं उत्तर हे, की रोजच्या प्रार्थनेचा छोटा गट. पण गट म्हटलं की आपल्याकडे लगेच नाव, बॅनर, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि व्हॉट्सॅप ग्रुप. तसलं काही करू नका. पाच माणसं बघा. तुम्ही, तुमची मंडळी म्हणजे घरच्या म्हणतेय मी, एखादी म्हातारी जी आधीपासून पहाटे उठून प्रार्थना करतेच, प्रत्येक गावात एक असते तशी, आणि दोन तरुण. भक्तीत अनाउन्समेंट करू नका. वेळ गावाची बघा, तुमच्याकडं पहाटे लाइट आणि पाण्याची पाळी असेल तर पहाट उपयोगाची नाही, रात्री जेवणं झाल्यावर बसा. पाऊण तासाच्या वर नको. त्यात एक अध्याय वाचायचा, कुणीही उपदेश करायचा नाही (हे पाळणं सगळ्यात अवघड, आपल्याकडं प्रत्येकाच्या पोटात एक उपदेश असतो), आणि मग मंडळीतल्या माणसांसाठी नावं घेऊन प्रार्थना. नावं घेऊन. "सर्व जगासाठी, सर्व आजाऱ्यांसाठी" असं नाही, तर अमक्याचं सोयाबीन गेलं, तमक्याची पोरगी माहेरी येऊन बसलीय, तो अमका दारू प्यायला लागलाय परत. रोज एखाद्याचं नाव तोंडात आलं की त्याच्या घरी गेल्याशिवाय राहवत नाही, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. प्रार्थनेतनं भेटी सुरू होतात आणि भेटीतनं माणसं परत येतात.

आणि एक, त्या गटात ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. एकदा जरी कुणाच्या घरची गोष्ट नळावर गेली तर तो गट संपला समजा, परत उभा राहत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या मंडळीचा खरा दुखरा भाग इथंच असणार, भांडणं. तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहून पुढं गेलात की "कमिटीत दोन गट आहेत". भाऊ, तीच तर मेन गोष्ट आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांत कशावरनं भांडणं असतात ते काय सांगायचं, मिशनची जागा, कंपाउंडमधली घरं, शाळेतल्या नोकऱ्या, कबरस्तानातली जागा, इलेक्शन, आणि भाऊबंदकी तर आहेच. दोन घरं वीस-वीस वर्षं वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसतात, प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, एका रांगेत येत नाहीत, आणि त्याच मंडळीत "आत्मा उतरू दे" म्हणून गाणं चालू. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं स्पष्ट सांगितलंय की वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण अर्पणाची थैली फिरवतो आणि समेटाचं राहू देतो.

मोरावियन या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं माहीत असेल तुम्हाला, ज्यांची प्रार्थना शंभर वर्षांहून जास्त अखंड चालली असं सांगतात. जर्मनीतलं हेर्नहूट गाव, काउंट झिन्झेनडॉर्फ यांच्या जमिनीवर छळातनं पळून आलेले लोक येऊन राहिले, आणि त्या तीनेकशे माणसांत १७२७ पर्यंत इतकी भांडणं झाली होती, मतांवरनं, पंथांवरनं, की गाव फुटायला आलं होतं. काही जण तर झिन्झेनडॉर्फनाच सैतानाचा माणूस म्हणायला लागले. मग ते स्वतः येऊन गावात राहिले, घरोघर जाऊन बोलले, १२ मे ला सगळ्यांनी एकत्र कसं राहायचं याच्या करारावर सह्या केल्या, आणि त्यानंतर १३ ऑगस्टच्या प्रभुभोजनात सगळ्यांची मनं एक झाली, ते मोरावियन आजपण आठवतात. त्याच महिन्याच्या शेवटी चोवीस पुरुष आणि चोवीस बायका तासातासाची पाळी वाटून प्रार्थनेला लागले. क्रम बघा, आधी घरभेटी, मग करार, मग प्रभुभोजन, मग अखंड प्रार्थना. आपल्याला शेवटचं आधी पाहिजे असतं, म्हणून चोवीस तासांची साखळी प्रार्थना ठेवतो आणि रात्री दोन ते पाच रकाने रिकामे.

पैशाचं पण ह्यातच येतं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायावर सगळे बोलतात, एज्रा याजक नियमशास्त्र वाचतो आणि लोक रडतात, संजीवनाचा अध्याय म्हणून. त्याच्या आधी पाचवा अध्याय आहे तो वाचतंच नाही कुणी. त्यात गरीब लोक ओरडतात की आमची शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, पोरं गुलामीत चालली, आणि व्याज घेणारे कोण तर आपलेच भाऊ. नहेम्या श्रीमंतांना भर सभेत उभं करतो आणि शेतं परत करायला लावतो. आता तुमच्या मंडळीत बघा कुणी कुणाला व्याजानं पैसे दिलेत, भिशीचे पैसे कुणी बुडवलेत, मंडळीच्या खात्याचा हिशेब शेवटचा कधी वाचून दाखवलाय. तुम्ही सेक्रेटरी आहात ना, मग तुमच्या हातात सोपी गोष्ट आहे, ट्रेझररला घेऊन बसा आणि मंडळीसमोर सगळा हिशेब वाचा, देणगीचा, भाड्याचा, कबरस्तानाच्या कंपाउंडचा, सगळा. लोकांचा निम्मा राग तिथं उतरतो. रवांडा-युगांडाकडं १९३० च्या सुमारास जे संजीवन झालं, गाहिनीच्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास, त्यात पण हेच दिसतं, माणसं चोरलेल्या वस्तू परत आणून देतात, जुनी उधारी फेडतात, आणि बाहेरच्या लोकांना पहिल्यांदा तेच दिसलं, गाणी नंतर.

समेट कसा करायचा म्हणाल तर चर्चमध्ये सगळ्यांसमोर मिठ्या मारायला लावू नका, ते नाटक होतं आणि आठवड्यात तुटतं. दोघं जण जा, एक त्या घराला जवळचा आणि एक वयानं मोठा. पहिल्या भेटीत भांडणाचा विषय काढू नका. आजारपण, लग्न, मयत, काही निमित्तानं जा, चहा घ्या, प्रार्थना करा, या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो माणूस स्वतःच काढतो. जमिनीची केस कोर्टात असेल तर केस चालू दे, ती तुमच्यानं सुटणार नाही, पण केस चालू असतानाही "सलाम" म्हणायला काय हरकत आहे, इथपर्यंत आणता येतं, आणलंय.

इथं एक जरा कडक सांगते. सभांमध्ये वक्ते लोकांना माइकवर पाप कबूल करायला लावतात, विशेषतः तरुण पोरींना. ते अजिबात होऊ देऊ नका. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडं जाऊन कबूल करायचं, अख्ख्या गावासमोर नाही. एखाद्या पोरीनं भावनेच्या भरात काही बोललं तर वक्ता तिसऱ्या दिवशी गाडीत बसून जातो आणि तिला त्याच गावात राहायचं असतं, लग्न ठरायचं असतं. आणि कुणी लेकराबरोबर काही वाईट झाल्याचं सांगितलं तर तो प्रार्थनेवर मिटवायचा विषय नाही, पोलिसांकडं जायचा आहे, मग तो माणूस पंच असो की पाळक असो. तसंच बरं होण्याच्या प्रार्थनेचं. प्रार्थना करा, मी पण करते, पण टीबीच्या, शुगरच्या, फिटच्या गोळ्या बंद करा असं सांगणारा वक्ता असेल तर त्याला स्टेजवरनं उतरवायची ताकद कमिटीत पाहिजे.

आता तरुण. ते फेलोशिपला का जातात यावर तुमच्या वडीलधाऱ्यांचं मत असणार की तिथं नाचगाणं आहे म्हणून. थोडं आहे तेही. पण मी अशा पोरांना विचारलंय, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की तिथं मला काम दिलं. कुणी कीबोर्ड वाजवतो, कुणी प्रोजेक्टर लावतो, कुणी नवीन आलेल्यांना फोन करतो. आपल्याकडं त्याला नाताळच्या नाटकात मेंढपाळ करतात आणि मग पुढच्या नाताळापर्यंत सुट्टी. चाळीस वर्षांचा माणूससुद्धा आपल्याकडं "पोरगं" असतो, कमिटीत त्याला बोलू देत नाहीत. इंग्लंडात मेथडिस्ट पंथ उभा करणाऱ्या जॉन वेस्लीचे क्लास, म्हणजे छोटे गट, कसे सुरू झाले माहितीय? १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून लोकांचे बारा-बाराचे गट पाडले आणि एकेकानं आपल्या गटाकडनं आठवड्याला एक पेनी गोळा करायची. घरोघर पेनी मागायला जाता जाता त्यांना कळायला लागलं कुणाच्या घरी काय चाललंय, कोण प्यायला लागलंय, कोण आजारी आहे. वेस्लीनं तेच पकडलं, आणि हा वसुलीचा माणूस गटाचा आत्मिक पुढारी झाला. साधी सामान्य माणसं होती ती, पाळक नाही. तुमच्या पस्तीस लोकांत असे तीन गट पडतात. एकेक गट एकेका तरुणाला द्या, आणि वडीलधाऱ्यांना सांगा की महिनाभर त्याला शिकवायला जाऊ नका.

गाण्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय कारण ते माझं आवडतं. आपल्याकडं "उपासना संगीत" या मराठी गीतांच्या पुस्तकातली गीतं इतकी सुंदर आहेत, आणि आपण ती म्हणतो कशी तर मयतीला आल्यासारखी. टिळकांनी, म्हणजे आपल्या नारायण वामन टिळकांनी, अभंग लिहिले, भजनं लिहिली, ती काय बाकावर ताठ बसून ऑर्गनवर ओढत म्हणायला? १८९५ ला बाप्तिस्मा झालेला हा कवी माणूस, बरीच वर्षं नगरलाच राहिला, त्याला कळलं होतं की आपल्या माणसाला टाळ आणि ताल लागतो, कीर्तन लागतं. तेव्हा महिन्यातनं एका रात्री भजन ठेवा, चर्चमध्ये नको, कुणाच्यातरी अंगणात, हार्मोनियम, तबला नाहीतर ढोलकी, मंजिऱ्या, आणि तरुणांना गिटार आणायची तर आणू द्या, त्याला नाकं मुरडू नका. हिंदी कोरसपण म्हणू द्या दोन. पण टिळकांचा एक अभंग म्हाताऱ्या बाईनं तिच्या जुन्या चालीत म्हणायचा आणि पोरांनी तो उचलायचा असं करून बघा. जुन्या चाली ह्या बायकांबरोबर जातायत, रेकॉर्ड करून ठेवा मोबाइलवर, एवढं तरी करा.

टिळकांवरनं आणखी एक आठवलं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र. दोन वर्षांत ते वारले, १९१९ ला, आणि ते काम पुढं फार वाढलं नाही. पण त्यांना जे खुपत होतं ते अजून आपल्यात आहे, की पगारी सेवक काम करणार आणि बाकीची मंडळी बघणार. पाळकसाहेब प्रार्थना करतील, पाळकसाहेब आजाऱ्याला भेटतील, पाळकसाहेबांनी तरुणांना सांभाळायला पाहिजे. एकेका पाळकाकडं तीन-चार गावं असतात हो! माझ्या मालकांना रविवारी तीन ठिकाणी भक्ती घेऊन संध्याकाळी घरी आल्यावर जेवायचं भान नसायचं, आणि लोक म्हणायचे मंडळी थंड पडलीय, पाळक काही करत नाही.

मोठ्या वक्त्यावर सगळं टाकायचं त्याच्याबद्दलही वेल्सचंच उदाहरण घ्या. १९०४ मध्ये तिथं इव्हान रॉबर्ट्स म्हणून सव्वीस वर्षांचा, पूर्वी खाणीत काम केलेला पोरगा पुढं होता. काही महिन्यांत एक लाख माणसं ख्रिस्ताकडं वळली असं सांगतात, दारूचे गुत्ते ओस पडले. आणि १९०६ मध्ये तो इतका खचला की सगळं सोडून लेस्टरला एका घरी जाऊन राहिला, परत तसं काम त्यानं केलं नाही. त्याला मी दोष देत नाही, माणूस किती ओढणार. लोक त्याचं नाव ऐकून गर्दी करायचे, तो आला नाही तर नाराज व्हायचे. तुमच्याकडं पोस्टरवर वक्त्याचा फोटो सगळ्यात मोठा आणि येशूचं नाव खाली लहान असेल तर तुम्हीच समजून घ्या.

मोठ्यानं प्रार्थना, अन्य भाषा (म्हणजे आत्म्याच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलणं), लोळणं वगैरे व्हायला लागलं तर काय, हे तुम्ही शेवटी घाबरत घाबरत विचारलंय. मुक्तीमध्येही झालं होतं, वर्तमानपत्रांत टीकाही झाली. रमाबाईंनी ते बंदही पाडलं नाही आणि मुद्दाम वाढवलंही नाही, बघत राहिल्या, शिकवत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुली परत कामाला. मी पण तेच करते. रात्री कोण किती मोठ्यानं ओरडलं हे मी मोजत नाही, सकाळी ती सुनेशी कशी बोलतेय ते बघते. आणि शांत स्वभावाच्या माणसाला "तुला आत्मा नाही" असं कुणी म्हणत असेल तर तिथंच थांबवते.

आता तुमच्या बजेटचं. कमिटीला सरळ नाही म्हणू नका, चिडतील. म्हणा की सभा ठेवू, पण पुढच्या वर्षी पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, आठवड्यात, आणि तोपर्यंत गट, घरभेटी, हिशेब आणि महिन्याचं भजन एवढं चालू ठेवू. अडीच लाखांतले चाळीस-पन्नास हजार बाजूला काढून आजारपण आणि पोरांच्या फिया यांच्यासाठी फंड करा, त्याचा हिशेबही दर महिन्याला वाचायचा. वर्ष संपताना गट टिकलेला असेल तर सभांना बाहेरच्या गर्दीची गरज लागणार नाही, आणि टिकला नसेल तर पैसे तरी वाचले.

त्या सभांना वक्ता म्हणून शेजारच्या तालुक्यातला एखादा पाळक बोलवा, जो तीन दिवस तुमच्याच गावात, कुणाच्यातरी घरी मुक्कामाला राहील, दिवसा घरोघर येईल आणि सभा संपल्यावरही फोन उचलेल. चर्चमध्येच बसा, मंडप नको. स्पीकर चर्चच्या आतल्यापुरता ठेवा, आजूबाजूची घरं आपली नसली तरी माणसं आपलीच आहेत, परीक्षा असतात पोरांच्या. आणि स्वयंपाक ह्या वेळी पुरुषांना करू द्या. दरवेळी सभेचा उपदेश चालू असतो तेव्हा अर्ध्या बायका मागं चुलीवर भाताचं पातेलं हलवत असतात, आणि मग साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, पुरुषच उभे राहतात. आमटी थोडी खारट झाली तर चालेल.